सहावा आठवडा

निघण्यापूर्वी एक हिशेब समजून घे. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकून दोन आठवडे होत आले की तुझा सहावा आठवडा चालू असतो. सकाळी तोंडाला पाणी सुटतं, फोडणीचा वास नकोसा होतो, आणि बोटांच्या पेरांवर तेच तेच दिवस पुन्हा मोजले जातात.

या प्रवासात तू ज्या सालात उतरशील, तिथे तुझा हाच आठवडा चालू असेल. गाव बदलेल, लुगड्याची जात बदलेल, पण पोटातले दिवस तेवढेच. तुला हे मूल नको आहे, किंवा आत्ता नको आहे, किंवा ते आलं तर तू वाचणार नाहीस. कारण तुझं तुझ्यापाशी, मी विचारणार नाही. ज्याच्याकडे उपाय आहे आणि जो तुझ्याशी बोलायला तयार आहे, अशा माणसापर्यंत पोचेस्तोवर तुझा कितवा आठवडा उजाडतो, एवढंच मी मोजणार आहे.

पुणे, १८६३. तू एकोणीस वर्षांची आहेस. अकराव्या वर्षी कुंकू पुसलं, न्हाण आल्यावर केस उतरवले. अंगावर लाल आलवण, दिवसातून एकदा जेवण, आणि पहाटेपासून सोवळ्यातला स्वयंपाक. ज्याच्यामुळे दिवस गेले तो आत्ता पाटावर बसला आहे आणि तू त्याच्या पानात भात वाढते आहेस. तो वर बघत नाही. भाताच्या वाफेने तुझ्या पोटात ढवळतं. परसात जाऊन ओकतेस, चूळ भरतेस, परत येऊन वरण वाढतेस.

कुणाला विचारशील? माहेरी कळलं तर विहीर. गल्लीच्या टोकाला सुईण राहते. तिच्याकडे चित्रकाची मुळी आहे, कण्हेर आहे. त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या झाडांची नावं मेलेल्या बायकांच्या सोबतीनेच येतात. आणि गेल्याच वर्षी, १ जानेवारी १८६२ पासून, इंडियन पीनल कोड लागू झालं आहे. त्याचं ३१२ वं कलम सांगतं की गर्भ पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भ हलू लागला असेल तर सात वर्षांपर्यंत. बाईने स्वतःचा पाडला तरी तीही गुन्हेगार. सूट एकाच कारणाला, बाईचा जीव वाचवायला केलं असेल तर. हे कलम तू कधी वाचणार नाहीस, पण पुढची एकशे साठ वर्षं ते तुझ्याबरोबर चालणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

सहावा आठवडा जातो, दहावा जातो. आलवण सैल गुंडाळून तू विसावाही ढकलतेस. मग पाणवठ्यावर एक विधवा, तुझ्याकडे न बघता, कळशी भरता भरता सांगते. भिंतींवर कागद चिकटवलेत. गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या घरी विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर तिथेच ठेवावं. तुला अक्षरओळख नाही. जिने सांगितलं तिलाही नाही, तिला आणखी कुणीतरी सांगितलं होतं. निरोप असाच एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात पोचतो.

आठव्या महिन्यात एका रात्री निघतेस. उंबऱ्यापासून गंज पेठेपर्यंत फार तर अर्ध्या तासाची वाट, पण ती चालायला तुला सहा महिने लागले. दार सावित्रीबाई उघडतात. नाव विचारत नाहीत.

इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. फुल्यांच्या त्या बालहत्या प्रतिबंधक गृहात गर्भपात होत नव्हते. तिथे बाईला जिवंत ठेवत होते आणि बाळालाही. सुरक्षित गर्भपात तेव्हा कुणाच्याच हातात नव्हता. मग मी तुला इथे का आणलं? अडलेल्या बाईला आधी उत्तर द्यायचं, तिची झडती नंतरही घ्यायची नाही, ही रीत आपल्याकडे त्या दारात सुरू झालेली मला दिसते. १८७४ मध्ये काशीबाई नावाची विधवा तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच.

पुढे सरकताना सुरत लागते, तिथे थांबणं जिवावर येतं. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीची जी चिरफाड चालली होती ती वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंदे पेटून उठल्या, आणि १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. सगळा दोष बाईच्याच माथी का, पुरुषाच्या का नाही? ताराबाईंनी विचारलं.

आता मुंबई, १९३४. चाळीतली एक खोली. चार मुलं झोपली आहेत, पाचवं पाळण्यात आहे, नवरा रात्रपाळीला गेला आहे. या खेपेला तुला वाचता येतं. गादीखाली एक मासिक आहे, ‘समाजस्वास्थ्य’. रघुनाथ धोंडो कर्वे ते १९२७ पासून एकट्याच्या जिवावर काढतात. त्यात वाचक प्रश्न पाठवतात आणि कर्वे उत्तरं छापतात. शरीराबद्दल, संबंधांबद्दल, मूल नको असेल तर काय करावं याबद्दल. जे प्रश्न कुणी बहिणीलाही विचारत नाही ते पत्त्यावर टाकले जातात, आणि शुद्ध सरळ मराठीत उत्तर येतं.

दिव्याची वात कमी करून तू पत्र लिहितेस. नावाच्या जागी ‘एक वाचक’. पत्र पेटीत पडतं तेव्हा तुझा सातवा आठवडा असतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर कर्वे देऊ शकत नाहीत. दिवस न जाण्याचे उपाय ते सांगतील, गेलेल्या दिवसांवर ३१२ बसलेलं आहे. आणि ते जी उत्तरं देतात त्यांचीही किंमत त्यांना मोजावी लागते. याच १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू लढवली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

दुरून, टपालाने, ओळख न विचारता, तिच्या भाषेत बाईला तिच्या शरीराबद्दल उत्तर द्यायचं. आज ज्याला आपण टेलिमेडिसिन म्हणतो त्याचं बी मला त्या मासिकाच्या प्रश्नोत्तरांत दिसतं. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं ते त्या उत्तरालाच, हेही दिसतं. तुझं सहावं मूल जन्मतं तेव्हा कर्वे पुढचा अंक छापायला पैसे जमवत असतात.

चल. आता दुष्काळ.

१९७२. मराठवाड्यातल्या एका माळावर ओळीने बायका बसल्या आहेत आणि खडी फोडताहेत. तुझ्या पुढ्यात दगडाचा ढीग, हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. रेशनवर लाल मिलो मिळते, तिची भाकरी थापताना तुटते. पोरांना सुकडी मिळते म्हणून ती जगताहेत. पाळी चुकली ती उपासाने चुकली असेल असं तू पहिले दोन आठवडे धरून चालतेस. सगळ्याच बायकांच्या चुकल्या आहेत. सकाळी ओकारी आली तेव्हा कळतं.

आणि याच वर्षी, १ एप्रिलला, एक नवीन कायदा अमलात आला आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ चा. त्याची पायाभरणी ज्या समितीने केली तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि अंदाज मांडला की देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भ मुद्दाम पाडले जातात. त्यातले जवळजवळ सगळे सुईणीकडे, वैदूकडे, काडीने, पाल्याने. बायका मरत होत्या म्हणून हा कायदा झाला. हक्काचा विचार त्यात मागाहूनही फारसा आला नाही, पण तो आला तेव्हा जगातले कितीतरी श्रीमंत देश याबाबतीत आपल्या मागे होते. अमेरिकेतला रो विरुद्ध वेडचा निकाल यायला अजून जवळजवळ दहा महिने आहेत.

माळावर ही बातमी येत नाही. येते ती नर्सबाईंच्या तोंडून, लसीच्या फेरीत, दहाव्या आठवड्यात. जिल्ह्याच्या दवाखान्यात होतं म्हणे, फुकट. तू दोन दिवसांचा रोज बुडवतेस, एसटीचे पैसे मुकादमाकडून उसने घेतेस. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, नवरा कुठे आहे? कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, पण ते तुला कोण सांगणार? नवऱ्याला घेऊन परत येईपर्यंत बारा आठवडे उलटतात. बारानंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि दुसरे डॉक्टर रजेवर आहेत. शेवटी टेबलावर झोपतेस तेव्हा पंधरावा आठवडा आहे. कागदावर अंगठा देताना बाई सांगतात की सोबत नसबंदीचं ऑपरेशनही करून घ्यावं लागेल. ही अट कायद्यात नव्हती. दवाखान्या-दवाखान्यांतून ती वर्षानुवर्षं घातली गेली.

तू जगलीस. १८६३ च्या त्या मुलीपेक्षा, चाळीतल्या त्या बाईपेक्षा तुझं नशीब बरं. माळावर परतून चौथ्या दिवशी पुन्हा हातोडी उचलतेस.

पुढच्या तीस वर्षांत आपण उतरणार नाही, पण दोन खिडक्यांतून बघून घे. एका खिडकीत पॅरिस आहे. तिथल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० मध्ये एक रेणू तयार होतो. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची जागा तो अडवतो. हेच मिफेप्रिस्टोन. १९८८ मध्ये फ्रान्सने त्याला परवानगी दिली. दुसऱ्या खिडकीत ब्राझील आहे, आणि तिथे कुठलाच शास्त्रज्ञ नाही. १९८६ पासून तिथल्या औषधाच्या दुकानांत पोटातल्या अल्सरवर मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मिळू लागली होती. गरोदर बाईने घेऊ नये, गर्भ पडेल, अशी त्यावर सूचना होती. गर्भपात बेकायदा असलेल्या त्या देशात बायकांनी ती सूचना वाचली, आणि एकीने दुसरीला सांगितलं. काडीने आणि विषाने होणारे भयंकर रक्तस्राव, जंतुसंसर्ग तिथल्या दवाखान्यांत कमी दिसू लागले तेव्हा डॉक्टरांना पत्ता लागला. पाणवठ्यावरची ती कळशी आठवते ना?

या दोन गोळ्यांची जोडी भारतात २००२ पासून मान्य आहे. आधी एक, मग एक-दोन दिवसांनी दुसऱ्या. गर्भ पडतो तो घरी आपोआप पडतो तसा, कळा येऊन, रक्त जाऊन. २००८ मध्ये दोन्ही एकाच पाकिटात आल्या, नऊ आठवड्यांपर्यंतसाठी. टेबल नको, भूल नको. खरं तर अंतर इथेच संपायला हवं होतं.

बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, २०१२. तू सत्तावीस वर्षांची, दोन मुलींची आई. औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात ‘किट’ मागतेस. दुकानदार मालाकडे न बघताच सांगतो, आम्ही ठेवत नाही. दुसऱ्या दुकानातही तेच, तिसऱ्यातही. चौथा विचारतो, मुलं किती? दोन मुली म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो.

तो का बदलला हे मला ठाऊक आहे, आणि त्याला मी उगाच दोष देणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली मोजल्या गेल्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्या न जन्मलेल्या मुलींचं दुःख खोटं नव्हतं. सरकार जागं झालं, सोनोग्राफी केंद्रांवर धाडी पडल्या, त्या पडायलाच हव्या होत्या. पण त्याच झपाट्यात औषध दुकानांवरही पडल्या, गोळीचा एकेक पत्ता मोजला जाऊ लागला, आणि दुकानदारांनी ती ठेवणंच सोडलं. सहाव्या आठवड्यात पोटात मुलगा आहे की मुलगी हे सोनोग्राफीचं कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. ते दिसायला बारा-तेरा आठवडे तरी जावे लागतात, आणि गोळी नवव्यापर्यंतची आहे. गर्भ मुलीचा म्हणून पाडणाऱ्याच्या ती कामाचीच नाही. ज्या धाडीने मुली वाचायच्या होत्या तिने तुझी साधी, लवकरची, कमी धोक्याची वाट बंद केली आणि तुला उशिराच्या वाटेवर ढकललं.

दोन मुलींच्या आईवर सगळे संशय घेतात. डॉक्टरीणबाईही घेतात. त्या नको म्हणतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्याचं नाव सांगतात. तिथे पैसे जमवून पोचतेस तेव्हा अकरावा आठवडा संपत आला आहे. गोळीची मुदत गेली, आता क्युरेटिंग. कानातली फुलं सोनाराकडे जातात.

या सगळ्यात गोळी नाहीशी झाली असं मात्र समजू नकोस. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अभ्यासकांचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला आहे, आणि त्यातले जवळपास ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे दर चारांतल्या जवळजवळ तिघी. कुणी नवऱ्याला दुकानात पाठवलं, कुणी ओळखीच्या कंपाउंडरकडून आणवली. पुष्कळजणींना तर ती वर्तमानपत्राच्या कागदात, पत्ता कापून, सूचनेविना मिळाली. किती रक्त गेलं म्हणजे ठीक आणि किती गेलं म्हणजे धावायचं, हे रात्री दोन वाजता कुणाला विचारायचं? गोळी पोचली, तिच्यासोबत बोलणारं माणूस पोचलं नाही. या प्रवासात मला सर्वांत जास्त छळतं ते हे.

आता मार्च २०२०. या खेपेला तुला दोन ठिकाणी एकदम उतरवते.

पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्याच्या अंगाला, पाचटाच्या कोपीत तू बसली आहेस. ऊसतोडीचे सहा महिने तू आणि नवरा मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा म्हणजे उचलीतून कापलेले पैसे. २५ मार्चला देश बंद होतो. फड थांबत नाही, एसटी थांबते. फोन एकच, बटणांचा, नवऱ्याच्या खिशात, त्यात बॅलन्स नाही. गावाकडची आशाताई तुझ्या ओळखीची आहे, पण ती दोनशे मैल लांब. इथल्या आशाच्या यादीत तुझं नाव नाही.

आणि त्याच आठवड्यात तू लेस्टरमध्येही आहेस. शिकायला गेलेली साताऱ्याची मुलगी, एका खोलीत कोंडलेली, खिडकीबाहेर रिकामा रस्ता. ३० मार्चला इंग्लंडच्या सरकारने नियम बदलला आहे. दहा आठवड्यांच्या आत फोनवर सल्ला घेऊन दोन्ही गोळ्या घरी घेता येतील. तू नंबर फिरवतेस. ठरल्या वेळी नर्सचा फोन येतो. आत्ता मोकळेपणाने बोलता येईल ना? खोलीत आणखी कुणी आहे? हे तुझं तू ठरवलंयस, की कुणाचा दबाव आहे? शेवटची पाळी कधी आली? तारीख नक्की आठवते? मध्ये रक्त गेलं? पोटात एका बाजूला दुखतं? तांबी बसवलेली आहे? पूर्वी नळीत गर्भ राहिला होता? शेवटच्या प्रश्नांपैकी एकाला जरी ‘हो’ म्हणालीस तर सोनोग्राफीला बोलावतील. तू म्हणत नाहीस. तीन दिवसांनी पत्रपेटीच्या फटीतून एक साधं पाकीट आत पडतं. वर काहीच छापलेलं नाही. आत गोळ्या, दुखणं मारायच्या वेगळ्या गोळ्या, आणि दिवसरात्र उचलला जाणारा एक फोन नंबर. पैसे नाहीत. सातवा आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं झालेलं असतं.

तिथे नंतर ५२ हजारांवर गर्भपातांची आधीची आणि नंतरची पद्धत ताडून पाहिली गेली. फोनच्या पद्धतीत वाट बघण्याचे सरासरी चार दिवस वाचले, आणि धोका वाढला नाही. तात्पुरता म्हणून आणलेला नियम पार्लमेंटने मार्च २०२२ मध्ये २१५ विरुद्ध १८८ मतांनी कायम केला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या मार्गदर्शनात फोनवरून ही सेवा देण्याची शिफारस केली.

कोपीत काय झालं? जो दिवस देश बंद झाल्याचा, त्याच २५ मार्चला भारत सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले होते. डॉक्टर फोनवर तपासू शकतील, औषध लिहू शकतील. त्यात तुझ्यासाठी वाट आखलेली नव्हती. सरकारने एप्रिलमध्ये गर्भपाताला अत्यावश्यक सेवेत धरलं, पण सेवेपर्यंत न्यायला चाक नव्हतं. त्या तीन महिन्यांत सुमारे साडेअठरा लाख बायकांचा गर्भपात अडला किंवा लांबला असा आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशनचा अंदाज आहे. तू गावी पोचतेस, शाळेत विलगीकरणात बसतेस, आणि दवाखान्याच्या पायरीवर येतेस तेव्हा सतरावा आठवडा आहे.

एकाच आठवड्यात निघालेल्या तुम्ही दोघी. मधले दहा आठवडे शरीराने केलेले नाहीत.

त्यानंतर आपल्याकडेही कायदा हलला. २०२१ च्या दुरुस्तीने ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला, काही जणींसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यातून अविवाहित बाईला वगळता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून ३१२ वं कलमही राहिलं नाही. ते भारतीय न्याय संहितेत गेलं आणि त्याचा आकडा ८८ झाला. गुन्हा तोच. वैद्यकीय गर्भपात कायदा अजूनही त्या गुन्ह्याला दिलेली सवलत म्हणूनच उभा आहे, आणि डॉक्टरचा हात थरथरतो तो त्यामुळे. गोळी फक्त नोंदणी झालेल्या, अर्हता असलेल्या डॉक्टरने द्यायची. परिचारिकांनाही देऊ द्यावी असं २०१४ च्या मसुद्यात होतं, अंतिम कायद्यात ते उरलं नाही. फोनवर सल्ला आणि उपकेंद्रातून गोळी, अशी सरळ रेघ कुठल्याच नियमात ओढलेली नाही.

आता शेवटचा मुक्काम. याला साल नाही, मी ते घालू शकत नाही. जागा आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या वर, सातपुड्यातला एक पाडा. पावसाळ्यात इथला आजारी माणूस बांबूला झोळी बांधून खाली नेतात. फोनला रेंज धरायला टेकडी चढावी लागते. आणि मराठी ही इथे परकी भाषा आहे, हे आपण मराठीत लिहिणारे नेहमी विसरतो.

तुझा सहावा आठवडा. फोन तुझा नाही. देशातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांच्या हाती स्वतः वापरायचा मोबाइल होता, असं २०१९-२१ ची सरकारी पाहणीच सांगते. तू आशाताईकडे जातेस. ती पाड्याचीच आहे, तुझी चुलत नणंद. ती तुला उपकेंद्रात नेते. तिथे पडदा आहे, पडद्याआड टॅबलेट आहे. असा टॅबलेट आजही पुष्कळ उपकेंद्रांत आहे, ई-संजीवनीवर त्यातून ताप-खोकल्याचे कोट्यवधी सल्ले दिले गेले आहेत. पडद्यावर डॉक्टरीण येते, तिच्या शेजारी नर्स आहे आणि ती तुझ्या बोलीत, पावरीत बोलते. आशाताई उठून बाहेर जाते, कारण नणंदेसमोर सगळंच सांगता येत नाही हे तिला शिकवलेलं आहे.

तेच प्रश्न विचारले जातात. एक जास्तीचा असतो. उपकेंद्रातली ताई तुझ्या बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघते, कारण या डोंगरात बायकांच्या अंगात रक्त कमी. सात भरलं असतं तर तुला गाडीत घालून खाली नेलं असतं. दहा भरतं. रस्त्याच्या टोकाला १०८ ची गाडी उभी असते आणि तिच्या ड्रायव्हरला आजची तारीख माहीत असते. हे नसेल तर बाकीचं काहीच मला नको. नुसता फोन देऊन डोंगरातल्या बाईला तिच्या रक्ताबरोबर एकटं सोडणार असाल तर त्याला मी सेवा म्हणणार नाही.

पहिली गोळी तिथेच, पेलाभर पाण्याबरोबर. उरलेल्या तुझ्या ओटीत, कोरड्या फडक्यात बांधून. परवा दुपारी गालात धरायच्या आहेत, दोन इकडे, दोन तिकडे, विरघळेपर्यंत.

परवा दुपार. पोरं शेळ्यांमागे गेली आहेत. तोंडात खडूसारखी चव येते, मग थंडी वाजते, मग ओटीपोटात पीळ पडतो. पाळीच्या कळांपेक्षा जास्त, बाळंतपणापेक्षा पुष्कळ कमी. नर्सने सांगितलं होतं, घडी बदललीस की मोजत जा. ओळीने दोन तास, तासाला दोन-दोन भिजल्या तर थांबायचं नाही, कुणालाही टेकडीवर धाडायचं. तुला लिहिता येत नाही. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तू कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर रेघ ओढतेस. एक. मग आणखी एक. सूर्य कुठवर उतरला ते दारातून दिसतं.

तिन्हीसांजेला आशाताई टेकडी उतरून येते. तिच्या हातात छोटं यंत्र आहे, नर्सचा आवाज तिने वर रेंज धरून त्यात भरून आणलाय. ती ते तुझ्या कानाशी धरते आणि स्वतः तोंड फिरवून बसते. आवाज विचारतो, रेघा किती झाल्या? पहिली कधी ओढलीस, शेवटची कधी?

तू भिंतीकडे बघतेस. आणि पावरीत, मोठ्याने, मोजायला लागतेस.